ऑनलाइन खरेदीत डुप्लिकेट माल कसा टाळायचा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

ऑनलाइन खरेदी नव्याने सुरू केलेली मंडळी वस्तूचा फोटो मोठा करून बघत बसतात. लोगो बरोबर आहे का, शिलाई सरळ आहे का, रंग जुळतो का. या मेहनतीचा उपयोग फारसा होत नाही, कारण डुप्लिकेट माल विकणारा फोटो ओरिजिनलचाच लावतो, बऱ्याचदा थेट कंपनीच्या साइटवरून उचललेला. म्हणून वस्तूकडे बघण्याआधी ती विकणाऱ्याकडे बघा. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

हा धंदा लहान नाही. ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटना आणि युरोपीय संघाचं बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या संयुक्त अंदाजानुसार २०१९ मध्ये जागतिक व्यापारातला २.५ टक्क्यांपर्यंतचा माल बनावट होता. आणि फसतात ते फक्त भोळे लोक, असंही नाही. अमेरिकेतल्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या सरकारी तपासणी संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये एक अहवाल दिला. त्यांनी पाच लोकप्रिय साइटवरून, चांगलं रेटिंग असलेल्या, साइटच्या स्वतःच्या नसलेल्या पण तिथे माल विकणाऱ्या विक्रेत्यांकडून ४७ वस्तू मागवल्या आणि त्या त्या कंपन्यांकडून तपासून घेतल्या. ४७ पैकी २० बनावट निघाल्या. त्यातला तपशील जास्त बोलका आहे: नामांकित ब्रँडचे १५ बूट जोड सगळे खरे, प्रवासी मगांपैकी ९ मधले ६ खोटे, चार्जर १० पैकी १ खोटा आणि सौंदर्यप्रसाधनं १३ पैकी १३ खोटी. नमुना छोटा आहे, त्यावरून टक्केवारी काढत बसू नये. पण लोक ज्या बुटांबद्दल सर्वात जास्त धास्तावलेले असतात ते खरे निघाले, आणि ज्या वस्तू थेट चेहऱ्याला लागतात त्यातली एकही खरी नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पायरी १: कुठे कडक राहायचं ते आधी ठरवा

प्रत्येक खरेदीला पोलिसी तपास करायची गरज नाही. मोबाइलचं कव्हर डुप्लिकेट निघालं तर थोडे पैसे गेले, एवढंच. पण चार प्रकारच्या वस्तूंत तडजोड करू नका: पोटात जाणाऱ्या, अंगाला लागणाऱ्या, विजेला जोडल्या जाणाऱ्या आणि जीव वाचवण्यासाठी असणाऱ्या. म्हणजे औषधं, पूरक आहाराच्या गोळ्या, लहान बाळांचं अन्न. क्रीम, मेकअप, परफ्यूम, कॉन्टॅक्ट लेन्स. चार्जर, बॅटरी, पॉवर बँक. हेल्मेट, ब्रेक पॅड, गाडीतली मुलांची सीट.

औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये दिलेला अंदाज असा होता की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहापैकी एक औषध किंवा वैद्यकीय वस्तू निकृष्ट किंवा बनावट असते. बनावट सौंदर्यप्रसाधनांच्या तपासण्यांत शिसं, पारा, आर्सेनिक आणि जंतू सापडलेले आहेत. डॉक्टरची चिठ्ठी न मागता चिठ्ठीचं औषध पाठवायला तयार असलेली साइट दिसली, की तिथे काहीही घेऊ नका. डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा नको.

या चार प्रकारांत माझा नियम सरळ आहे: कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचं, किंवा कंपनीने आपल्या साइटवर अधिकृत म्हणून नाव दिलेल्या विक्रेत्याकडून. बाकी कुणाकडूनही नाही, सूट कितीही असो.

पायरी २: ‘विक्रेता’ ही ओळ वाचायला शिका

नवख्यांचा सर्वात मोठा गैरसमज असा, की मोठ्या साइटवरून घेतलं म्हणजे त्या साइटनेच विकलं. तसं नसतं. मोठ्या साइट म्हणजे बाजार. जागा त्यांची, गाळे दुसऱ्यांचे. एकाच वस्तूच्या पानामागे दहा विक्रेते असू शकतात आणि खरेदीचं बटण त्यातल्या एकाच्या नावावर असतं. तो एक कोण, हे साइट ठरवते आणि ते बदलत राहतं.

पान उघडलंत की किमतीच्या किंवा खरेदीच्या बटणाच्या आसपास बारीक अक्षरांत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: कोण विकतंय आणि कोण पोहोचवतंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आम्ही पोहोचवतो’ याचा अर्थ एवढाच, की माल साइटच्या गोदामातून निघेल. तो गोदामात कुणी आणून ठेवला, हा प्रश्न उरतोच. शिवाय वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून आलेला, एकच बारकोड असलेला माल एकत्र ठेवायची पद्धत मोठ्या गोदामांत वापरली गेलेली आहे. अशा वेळी तुम्ही प्रामाणिक विक्रेता निवडला, तरी पेटीत दुसऱ्याच कुणाचा नग येऊ शकतो. म्हणून पायरी १ मधल्या वस्तूंसाठी नुसतं ‘गोदाम मोठ्या कंपनीचं आहे’ एवढं पुरत नाही.

आता हे करून बघा. एखाद्या बुटाचं पान उघडा, विक्रेत्याचं नाव वाचा. मग रंग बदला. परत नाव वाचा. मग माप बदला. पुष्कळदा नाव बदललेलं दिसेल. पान तेच, फोटो तसेच, रेटिंगचे तारे तेवढेच, पण विकणारा दुसराच. त्यामुळे विक्रेत्याचं नाव पान उघडल्यावर एकदा बघून भागत नाही. रंग, माप, नग सगळं निवडून झाल्यावर, पैसे भरायच्या आधी शेवटचं एकदा बघायचं.

नावावर बोट ठेवलं की विक्रेत्याचं स्वतःचं पान उघडतं. तिथे या गोष्टी शोधा:

- नोंदणीकृत नाव आणि पूर्ण पत्ता. युरोपीय संघात, अमेरिकेत आणि भारतातही आता कायद्याने साइटना आपल्या विक्रेत्यांची माहिती ठेवावी लागते आणि ग्राहकाला दाखवावी लागते. अमेरिकेत हे मोठी उलाढाल करणाऱ्या विक्रेत्यांपुरतं आहे. पत्ता नकाशात टाकून बघा. घाऊक माल विकणाऱ्याच्या पत्त्यावर रिकामा भूखंड दिसला, तर पुढे जायचं कारण नाही.
- तो आणखी काय विकतो. फक्त घड्याळं विकणारा घड्याळवाला असू शकतो. एकाच नावाखाली परफ्यूम, ड्रिल मशीन, खेळणी आणि महागडे हेडफोन असतील, तर त्याने कुठल्याच कंपनीची अधिकृत विक्री घेतलेली नसण्याची शक्यता जास्त.
- किती दिवसांपासून आहे, आणि मधे त्याचा माल अचानक बदलला आहे का. जुनी, चांगल्या रेटिंगची खाती विकत घेऊन किंवा हॅक करून त्यावर डुप्लिकेट माल विकला जातो. गेली तीन वर्षं पुस्तकं विकणारा मागच्या महिन्यापासून फोन विकायला लागला असेल, तर थांबा.

यानंतर कंपनीच्या साइटवर जा. बहुतेक ब्रँड ‘अधिकृत विक्रेते’ किंवा ‘कुठे मिळेल’ असं पान ठेवतात. तिथलं नाव आणि इथलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. ब्रँडच्या नावापुढे ‘ऑफिशियल’, ‘स्टोअर’, ‘आउटलेट’ असे शब्द कुणीही जोडू शकतो. यादी सापडली नाही, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला दोन ओळींचा ईमेल टाका: अमुक विक्रेता तुमचा अधिकृत आहे का? उत्तर यायला दोन दिवस लागले तरी महागाच्या वस्तूसाठी तेवढं थांबायला हरकत नाही.

पायरी ३: अनोळखी साइट असेल तर तिचा पत्ता तपासा

सोशल मीडियावर जाहिरात दिसते, ‘दुकान बंद होतंय, सगळा माल ऐंशी टक्के सूट’. दाबलं की एक देखणी साइट उघडते. अशी साइट उभी करायला आता एक दुपार पुरते.

पत्त्याच्या पट्टीतलं नाव अक्षर अक्षर वाचा. इंग्रजी लिपीतली आर आणि एन ही छोटी अक्षरं शेजारी आली की एम दिसतात; ओच्या जागी शून्य, एलच्या जागी एक बसतो. रशियन लिपीतला ‘अ’ तर इंग्रजी ‘ए’सारखाच दिसतो. ब्रँडच्या नावाला हायफन लावून ‘सेल’, ‘क्लिअरन्स’, ‘आउटलेट’ जोडलेलं असेल, तर ती ब्रँडची साइट नाही असंच धरून चाला.

पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. त्या कुलपाचा अर्थ एवढाच होता, की तुमचा ब्राउझर आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधे कुणी वाचू शकत नाही. साइट चालवणारा प्रामाणिक आहे, असं ते कधीच सांगत नव्हतं. ते कुलूप दिसण्यासाठी साइटला लागणारं प्रमाणपत्र २०१५ पासून फुकट मिळतं आणि ठकसेनही ते घेतात. लोक कुलपाचा चुकीचा अर्थ लावतात हे पाहूनच गुगलने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधलं ते चिन्ह बदलून टाकलं.

सर्वात कामाची तपासणी म्हणजे साइटच्या नावाचं वय. इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणारी आयकॅन ही संस्था एक मोफत शोधपान चालवते; ‘आयकॅन लुकअप’ असं शोधलंत की सापडेल. तिथे साइटचं नाव टाका आणि नोंदणीची तारीख बघा. ‘गेली वीस वर्षं तुमच्या सेवेत’ म्हणणाऱ्या दुकानाचं नाव सहा आठवड्यांपूर्वी नोंदवलेलं असेल, तर तुमचा निर्णय तिथेच झाला.

आणखी एक झटपट उपाय आहे. ‘आमच्याबद्दल’ या पानावरचं एखादं लांब वाक्य उचला आणि अवतरण चिन्हांत घालून शोधा. तेच वाक्य वेगवेगळ्या नावांच्या पाच-सात दुकानांवर सापडलं, की तो सगळा एकाच कारखान्यातला माल आहे हे कळतं. फोटोंचंही तसंच, गुगल लेन्स किंवा टिनआयमध्ये फोटो टाकला की तो मुळात कुठून आला ते बरेचदा दिसतं.

पायरी ४: किंमत आणि वर्णन

फार स्वस्त म्हणजे डुप्लिकेट, हे सगळ्यांना माहीत असतं. विकणाऱ्यांनाही माहीत असतं. म्हणून हुशार विक्रेता ओरिजिनलपेक्षा थोडीच कमी किंमत लावतो, संशय येणार नाही इतकीच. स्वस्त असेल तर सावध व्हा, पण महाग आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

वर्णनातले काही शब्द मात्र लगेच ओळखायला हवेत. फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, मिरर कॉपी, सेव्हन-ए क्वालिटी, वन इज टू वन, रेप्लिका: या सगळ्यांचा अर्थ एकच, डुप्लिकेट. ‘कारखान्यातला उरलेला माल, फक्त लेबल नाही’ ही गोष्टही जवळपास नेहमी बनवलेली असते. याउलट ‘कंपॅटिबल’ हा शब्द प्रामाणिक आहे. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेलं, तुमच्या प्रिंटरला चालणारं शाईचं कार्ट्रिज हा बनावट माल नव्हे. बनावट तो, जो दुसऱ्याचं नाव लावून येतो.

ग्रे मार्केटचा मालही वेगळा. वस्तू खरी असते, पण दुसऱ्या देशासाठी बनवलेली आणि अधिकृत साखळीबाहेरून आलेली. फसवणूक नसली, तरी तुमच्याकडे वॉरंटी न चालण्याची किंवा प्लग न बसण्याची पाळी येऊ शकते. घ्यायची तर हे आधी विचारून घ्या.

आणि आकडे वाचा. काही आकडे शक्यच नसतात. टॉर्च आणि छोट्या पंख्यांत वापरल्या जाणाऱ्या १८६५० प्रकारच्या लिथियम बॅटरीची क्षमता चांगल्या कंपन्यांच्या मालात ३५०० मिलीअँपिअर-अवरच्या आसपास जाते. त्याच आकाराच्या बॅटरीवर ९९०० लिहिलेलं दिसलं, तर ती कुणाची आहे हे शोधायचीही गरज नाही. लेबलच खोटं आहे. करंगळीएवढ्या पेन ड्राइव्हवर १६ टेराबाइट लिहून तो फुटकळ किमतीत विकणंही त्याच जातीचं.

पायरी ५: रिव्ह्यू वाचायची पद्धत

सरासरी ताऱ्यांकडे दुर्लक्ष करा. ‘सर्वात नवे आधी’ असा क्रम लावा आणि एक, दोन आणि तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचा. ‘डुप्लिकेट’, ‘फेक’, ‘ओरिजिनल नाही’ हे शब्द रिव्ह्यूमध्ये शोधता आले तर शोधा. ग्राहकांनी काढलेले फोटो बघा. स्टुडिओतले नव्हेत, घरात काढलेले. वेगवेगळ्या ग्राहकांच्या फोटोंत खोक्यावरचा मजकूर वेगवेगळा दिसला, तर दोन ठिकाणांहून माल येतोय.

एका युक्तीची माहिती हवीच. जुन्या, चांगल्या चाललेल्या वस्तूचं पान घ्यायचं आणि त्यावर नवीनच वस्तू चढवायची. तारे जुन्या वस्तूचे, माल नवा. रिव्ह्यू खाली सरकवत जुन्या तारखांपर्यंत जा. हेडफोनच्या पानावर कुणी ‘पडदे छान आहेत’ असं लिहिलेलं सापडलं, की खेळ कळतो. अशी रिव्ह्यूंची पळवापळवी केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये पहिल्यांदा एका कंपनीवर कारवाई केली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे खोटे रिव्ह्यू विकणं-विकत घेणं यावर स्पष्ट बंदी आहे. प्रकार अर्थातच थांबलेले नाहीत.

लक्षात घ्या, रिव्ह्यू वस्तूचा असतो, विक्रेत्याचा नव्हे. पायरी २ मध्ये पाहिल्याप्रमाणे त्याच पानावरून काल दुसरा कुणी विकत असेल. विक्रेत्याचं रेटिंग त्याच्या स्वतःच्या पानावर वेगळं असतं, ते वाचा.

पायरी ६: पैसे भरताना

पैसे साइटच्या आतच भरा. ‘इथे कमिशन जातं, थेट पाठवा, आणखी सूट देतो’ असा मेसेज आला की तो विक्रेता सोडा. बाहेर पैसे गेले की साइटचं संरक्षण संपलं. गिफ्ट कार्डने, क्रिप्टोने किंवा थेट बँक खात्यात पैसे मागणाऱ्याला तर उत्तरही देऊ नका.

शक्य असेल तिथे क्रेडिट कार्ड वापरा. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्हींच्या नियमांत ‘बनावट माल मिळाला’ हे पैसे परत मागण्याचं मान्य कारण आहे. त्याला चार्जबॅक म्हणतात आणि अर्ज तुमच्या बँकेकडे करायचा असतो. या कार्ड कंपन्यांच्या नियमांत साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँका आपल्या ग्राहकांना कमी मुदत देऊ शकतात. तेव्हा दिवस मोजत बसू नका, लगेच कळवा.

ऑर्डर पक्की करताना पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या: वस्तूचं वर्णन, ‘ओरिजिनल’ हा शब्द, विक्रेत्याचं नाव, परतीची मुदत. तक्रार होताच पान गायब होतं किंवा वर्णन बदललं जातं. हा अर्ध्या मिनिटाचा स्क्रीनशॉट पुढे तुमचा सर्वात भक्कम पुरावा ठरतो.

पायरी ७: पार्सल आल्यावर

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. सलग, न थांबवता: आधी सील आणि पत्त्याचं लेबल, मग उघडणं, मग वस्तू सगळ्या बाजूंनी, आणि तिच्यावरचा अनुक्रमांक स्पष्ट दिसेल असा. ‘आम्ही ओरिजिनलच पाठवला होता, ग्राहकाने बदलला’ हे विक्रेत्याचं नेहमीचं उत्तर असतं. त्याला सलग व्हिडिओने उत्तर देता येतं.

मग तपासणी. पण तपासण्या कशा वाचायच्या ते आधी समजून घ्या, कारण इथेच लोक गाफील राहतात. जवळपास सगळ्या तपासण्या एकाच दिशेने काम करतात. वस्तू नापास झाली, तर ती खोटी असण्याची शक्यता दाट. पास झाली, तर मात्र अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

अनुक्रमांकाचं उदाहरण घ्या. तुम्ही तो कंपनीच्या साइटवर टाकला आणि ‘वैध’ असं उत्तर आलं. बनावट माल बनवणाऱ्याने एका खऱ्या वस्तूचा क्रमांक घेऊन तो हजारो खोट्या वस्तूंवर छापलेला असू शकतो. पण ‘असा क्रमांक नाही’ किंवा ‘ही वस्तू दोन वर्षांपूर्वी सुरू झाली आहे’ असं उत्तर आलं आणि तुम्ही नवीन म्हणून घेतली असेल, तर तक्रार करायला तेवढं पुरेसं आहे. फोन असेल, तर *#०६# डायल करा. पडद्यावरचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), सेटिंगमधला, खोक्यावरचा आणि बिलावरचा, चारही जुळले पाहिजेत.

बारकोडचंही तेच. सुरुवातीच्या तीन आकड्यांवरून वस्तू कुठल्या देशात बनली ते कळतं, ही समजूत चुकीची आहे. ते आकडे जीएस१ या संस्थेच्या कुठल्या शाखेने तो क्रमांक दिला, एवढंच सांगतात. आणि बारकोडची झेरॉक्स काढायला काहीच लागत नाही. खोक्यावरचा क्यूआर कोडसुद्धा खोट्याच तपासणी पानावर नेऊ शकतो, जिथे मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘ओरिजिनल’ असं झळकतं. कोड स्कॅन करून उघडलेल्या पानावर विश्वास ठेवू नका. कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा आणि क्रमांक तिथे भरा.

सौंदर्यप्रसाधनांत खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक जुळवा. तो एका ठिकाणी नसेल किंवा दोन्हीकडे वेगळा असेल, तर वापरू नका. वास, घट्टपणा किंवा रंग आधीच्या बाटलीपेक्षा वेगळा वाटला, तरी नको.

चार्जर बाहेरून तपासून कळत नाही, हे मी ठासून सांगेन. यूएल या सुरक्षा चाचणी करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये ॲपलच्या नावाचे ४०० बनावट चार्जर तपासले. त्यातले फक्त ३ पूर्ण चाचणीत टिकले. भिंतीतून येणारा जास्त दाबाचा वीजप्रवाह आणि फोनकडे जाणारा कमी दाबाचा प्रवाह यांच्यामध्ये भक्कम विद्युतरोधक लागतो; बनावट चार्जरमध्ये नेमकं तिथेच पैसे वाचवलेले असतात. तो थर तुटला, की हातातल्या केबलमध्ये जिवंत वीज येऊ शकते. फोन मात्र व्यवस्थित चार्ज होत असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. वजनाला हलका, पिना सैल, लेबलवर स्पेलिंगच्या चुका, यातलं एकही दिसलं तरी तो लावू नका. सीई या युरोपीय नियम पाळल्याच्या चिन्हावरही भिस्त ठेवू नका. बऱ्याचशा वस्तूंवर ते उत्पादक स्वतःच्या घोषणेवर लावतो, आणि छापायला तर कुणीही छापतो.

मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथली फसवणूक उशिरा उघडी पडते आणि तोवर माणसाच्या आठवणी गेलेल्या असतात. कार्डाच्या आत एक छोटी चिप असते. ‘तुझ्यात किती जागा आहे?’ असं संगणकाने विचारलं की तीच उत्तर देते. बनावट कार्डात ८ जीबीची जागा असते आणि चिपला ‘५१२’ असं सांगायला शिकवलेलं असतं. संगणक ते खरं मानतो. पहिले ८ जीबी फोटो नीट बसतात, उघडतातही. त्यानंतरचे फोटो एक तर जुन्यांवर लिहिले जातात किंवा कुठेच लिहिले जात नाहीत. यादीत फाइलची नावं दिसतात, आकार दिसतो, सगळं जागेवर वाटतं. काही महिन्यांनी एखादा फोटो उघडायला जावं, तर तो करड्या पट्ट्यांचा निघतो. तोपर्यंत परतीची मुदत संपलेली असते.

म्हणून नवीन कार्डावर एकही फोटो टाकण्याआधी त्याची पूर्ण परीक्षा घ्या. विंडोज संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३, ही मोफत साधनं आहेत. ती कार्ड काठोकाठ चाचणीच्या माहितीने भरतात आणि मग ती माहिती परत वाचून जुळवतात. मोठ्या कार्डाला कित्येक तास लागतात; रात्री लावून ठेवा. शेवटी किती जागा खरी आणि किती माहिती हरवली ते स्पष्ट येतं. त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडता येतो. एक घाबरू नये अशी गोष्ट: ६४ जीबीचं खरं कार्ड विंडोज संगणकावर ५९ च्या आसपास दिसतं. तो मोजण्याच्या दोन पद्धतींतला फरक आहे, फसवणूक नाही.

पायरी ८: माल डुप्लिकेट निघाला तर

वापरणं थांबवा, खोकं आणि लेबल टाकू नका, आणि त्याच दिवशी साइटवर तक्रार नोंदवा. तक्रारीत ‘आवडलं नाही’ किंवा ‘क्वालिटी खराब’ असं लिहू नका. ‘वस्तू बनावट आहे’ असे स्पष्ट शब्द वापरा आणि सोबत कारण लिहा: अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर सापडत नाही, बॅच क्रमांक जुळत नाही, क्षमता चाचणीत ८ जीबी निघाली. परतीची साधी विनंती आणि बनावट मालाची तक्रार यांना साइट वेगळ्या रांगेत घालतात.

कंपनीलाही फोटो पाठवा आणि ‘ही वस्तू आमची नाही’ असं लेखी मागा. ब्रँडचं असं एक ओळीचं पत्र असेल, तर बँकेतल्या चार्जबॅकला फार वजन येतं.

विक्रेता आता गोड बोलेल. ‘वस्तू ठेवा, वीस टक्के परत देतो.’ तुम्ही नाही म्हटलंत की चाळीस. मधे दोन-दोन दिवस गप्प. हा सगळा वेळ परतीची मुदत संपवण्यासाठी असतो. बोलणं साइटच्या मेसेजमध्येच ठेवा, फोनवर किंवा दुसऱ्या ॲपवर जाऊ नका. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग लगेच पैसे टाकतो’ याला कधीही हो म्हणू नका. बऱ्याच ठिकाणी एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. पैसे खात्यात दिसल्यावरच ती बंद करायची. माल परत पाठवायला सांगितला, तर पत्ता आणि खर्च कुणाचा हे साइटकडून लेखी घ्या, आणि पाठवल्याची पावती जपून ठेवा.

विक्रेता दुसऱ्या देशातला असेल आणि साइट दाद देत नसेल, तर आपल्या देशाच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेबरोबरच ईकन्झ्युमर डॉट गव्ह या साइटवरही तक्रार नोंदवता येते. अनेक देशांच्या ग्राहक संस्था मिळून ती चालवतात. तुमचे पैसे मिळवून देणं हे तिचं काम नाही, पण त्याच विक्रेत्याबद्दलच्या तक्रारी तिथे एकत्र होतात आणि तपासाला उपयोगी पडतात.

पैसे परत मिळाले आणि वस्तू तुमच्याकडेच राहिली, तर ती दुसऱ्याला विकू नका, भेटही देऊ नका. अनेक देशांत बनावट माल विकणं हा गुन्हा आहे, मग तुम्ही तो कसाही मिळवलेला असो. चार्जर, पॉवर बँक किंवा बॅटरी असेल, तर ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. रोजच्या कचऱ्यात टाकलेली लिथियम बॅटरी गाडीत दाबली गेली, की पेट घेऊ शकते.